चेहऱ्याची हळुवार निगा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्हीही दोन शब्द बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. शंभर पोळ्या लाटायला सांगा, लाटते. भाषण कसले करणार?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्याची हकीकत सांगा. तेवढेच भाषण पुरे."

त्या हसल्या, पण मला एकदम हसू आले नाही. कारण ही हकीकत मी वर्षभर कोणाला सांगितली नव्हती. आपल्यापैकी काहीजणींना आठवत असेल, मी पाच-सहा महिने मंडळात आले नाही. कोणी विचारले तर "पाय दुखतात" असे सांगत असे. पाय माझे ठणठणीत होते. दुखत होता तो चेहरा, आणि चेहऱ्यापेक्षा मन अधिक. आज ती गोष्ट सांगते. त्यातून एखादीचा चेहरा वाचला तरी माझे बोलणे कारणी लागले असे समजेन.

२०२३ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या भाच्याचे लग्न मे महिन्यात ठरले होते. सुपारी फुटली त्या दिवशी एक नातेवाईक बाई चारचौघींत म्हणाल्या, "वहिनी, किती काळवंडलात हो! चेहऱ्याला काही लावत जा." बोलणाऱ्या बोलून गेल्या. मी घरी आले आणि आरशासमोर उभी राहिले. चाळिशी ओलांडली की तोंडावरचा तजेला थोडा कमी होतोच. पण त्या दिवशी मला स्वतःचे तोंड अगदी नकोसे वाटले.

नात्यातल्याच एका मुलीने फोनवर एक लाल पाण्याची बाटली दाखवली. "मावशी, हे लावलं की वरची मेलेली कातडी निघून जाते आणि आतून नवी येते. दहा मिनिटांत." बाटली तीन दिवसांत घरपोच आली. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत पुष्कळ काही लिहिले होते. ते मला वाचता आले नाही आणि मुलीकडून वाचून घ्यावे एवढेही सुचले नाही. लाज वाटली, खरे म्हणजे. या वयात आईला हे कशाला हवे, असे तिला वाटेल म्हणून.

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर ते पाणी चेहऱ्यावर लावले. झोंबले. मला वाटले, झोंबते म्हणजे गुण येतो आहे. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मग दूधवाला आला, मग भाजी निवडायला बसले, आणि दहा मिनिटांची तीस मिनिटे झाली. धुतल्यावर चेहरा लाल पण चकचकीत दिसला. मी खूश! दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. तिसऱ्या दिवशी वर बेसन आणि लिंबाचा रस चोळला, म्हणजे काम पुरे होईल. आणि चौथ्या दिवशी भर उन्हात, डोक्यावर पदरही न घेता, जुईनगर आणि बेलापूरला पत्रिका वाटायला गेले.

संध्याकाळी चेहरा उकळते तेल उडाल्यासारखा पेटला. दोन दिवसांनी गालांची कातडी भाजलेल्या पापडासारखी सुटू लागली. ती सुटल्यावर खालून गोरी कातडी आली नाही. दोन्ही गालांवर रुपयाएवढे तपकिरी डाग आले. लग्नाच्या फोटोंत मी कुठे आहे ते शोधावे लागते. प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत, पदर गालावर ओढून उभी आहे.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काकू, हे साधे काळवंडणे नाही. तुम्ही चेहरा भाजून घेतला आहे." मी रडले. त्यांनी रागावण्याऐवजी मला अर्धा तास समजावून सांगितले. ते इतके सोपे होते, की हे आपल्याला आधी कोणी का सांगितले नाही असे वाटले. तेच मी आज माझ्या भाषेत सांगणार आहे.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो. अंगणातल्या सारवणासारखा. सारवण मातीचेच असते, निर्जीवच असते, पण त्यानेच खालची भुई जागच्या जागी राहते. तसा हा थर आतला ओलावा आत ठेवतो आणि बाहेरची धूळ, जंतू, घाण बाहेर ठेवतो. तो कुचकामी नाही. शिवाय तो आपोआप गळतही असतो. खालून नव्या पेशी वर येतात आणि जुन्या झडतात. तरुणपणी या फेऱ्याला सुमारे चार आठवडे लागतात. वय वाढले की तो मंदावतो आणि सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. म्हणून चाळिशीनंतर चेहरा थोडा राठ, थोडा मळकट दिसतो. त्यात रोग नाही की पाप नाही.

तेव्हा मदत करायचीच तर किती? सारवलेली भुई झाडायची असते, खरवडायची नसते. मी खरवडली. माझी चूक एवढीच, आणि एवढी मोठी.

आता त्या लाल पाण्यात काय होते? आम्ल होते, म्हणजे अॅसिड. अॅसिड म्हटले की आपल्याला संडास धुवायची बाटली आठवते, पण ही आम्ले निराळी. उसात असते ते ग्लायकोलिक, आंबलेल्या दुधात असते ते लॅक्टिक. सॅलिसिलिक नावाचे तिसरे एक आहे, त्याचे मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत. हल्ली ही सगळी कारखान्यांत बनतात. मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, ती चिकटण ही आम्ले सैल करतात. १९७४ साली अमेरिकेतील व्हॅन स्कॉट आणि यू या दोघा संशोधकांनी अशा आम्लांचा उपयोग प्रसिद्ध केला, तो माशाच्या खवल्यांसारखी कातडी होण्याचा रोग असलेल्या रुग्णांसाठी. रोग्यांसाठी निघालेले औषध पुढे सौंदर्याच्या बाटलीत गेले.

आम्ल मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. मुरुमांवर, डागांवर डॉक्टर त्याचा चांगला उपयोग करतात. पण त्यांना किती, किती वेळ आणि कोणाला हे कळते. १९९८ साली अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञमंडळाने घरगुती वापरासाठी उसाच्या किंवा दुधाच्या जातीच्या आम्लांची मर्यादा दहा टक्के सांगितली आहे, तीही फार आंबट नसलेल्या मिश्रणात आणि उन्हापासून जपण्याच्या अटीवर. माझ्या बाटलीत तीस टक्के होते, असे नंतर मुलीने वाचून सांगितले. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, पहिल्यांदा वापरणाऱ्याने वापरू नये आणि उन्हात जाऊ नये, हेही त्याच मुंगीच्या अक्षरांत लिहिलेले होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपली कातडी गव्हाळ, सावळी. तिच्यात रंगद्रव्य भरपूर. उन्हापासून ते आपल्याला वाचवते, हा देवाने दिलेला छत्रीचा गुण आहे. पण अशा कातडीला इजा झाली, मग ती भाजल्याची असो, फोडीची असो की चोळण्याची, की ती त्या जागी जादा रंग ओतते. तो डाग महिनेन् महिने जात नाही. म्हणून गोऱ्या देशांतल्या बायकांना जे सोसते ते आपल्याला सोसेलच असे नाही. उजळायला म्हणून जितके खरवडाल, तितके अधिक काळे व्हाल, असा हा उलटा न्याय आहे. माझे डाग फिके व्हायला जवळजवळ अकरा महिने लागले. डाव्या गालावरचा अजून नीट पाहिला तर दिसतो.

त्या अकरा महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदा काय दिले असेल? काहीच नाही! कोमट पाणी, साधे मलम आणि उन्हापासून बचाव. "आधी भुई सारवू या, मग झाडायचे बघू," म्हणाल्या. कातडी पूर्ण बरी झाल्यावरच त्यांनी हळुवार उपाय सांगितले. त्यांतले बरेचसे आपल्या आजीच्याच घरातले निघाले. ते आता क्रमाने सांगते. वही आणली असेल त्यांनी लिहून घ्यावे.

पहिला उपाय, मऊ कापड. यासारखा स्वस्त उपाय नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा किंवा मलमलीचा हातभर तुकडा घ्यावा. कोमट पाण्यात भिजवून, पिळून चेहऱ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेवावा, मग गालांवरून अलगद फिरवावा. तान्ह्या बाळाचे तोंड पुसतो तसा. आठवड्यातून दोनदा पुरे. टॉवेलची खरखरीत बाजू, घासणी, जाळीची लूफा हे चेहऱ्याला नकोत. आणि तुकडा रोज धुऊन उन्हात वाळवावा. नेरूळची हवा दमट. खाडीकडून वारा आला की मोरीतला ओला कपडा दोन दिवसांत कुबट होतो, आणि तोच चेहऱ्याला लावला तर फोड्या आल्याच म्हणून समजा.

दुसरा उपाय, मसुराचे पीठ. आमच्या आजीच्या घरी तान्ह्या बाळांना साबण नव्हता, मसुराचे पीठ आणि साय होती. कृती अशी: वाटीभर मसूर डाळ धुऊन, फडक्यावर पसरून पंख्याखाली दोन दिवस खडखडीत वाळवावी. मिक्सरमधून अगदी बारीक करावी आणि वस्त्रगाळ करावी. पिठाच्या चाळणीने भागणार नाही, फडक्यातूनच गाळावे. बोटांत घेतले तर कण लागता कामा नये, कारण खर लागते ती कातडीलाही लागते. चमचाभर पीठ आणि दोन चमचे दूध कालवून पातळसर लेप लावावा. आणि आता नीट ऐका, तो सुकू द्यायचा नाही. आपण काय करतो? लेप कडकडीत वाळवतो, चेहरा ताणला की बरे वाटते आणि मग रगडून पापुद्रे काढतो. तेच चुकते. पाच मिनिटे झाली, लेप ओलसर आहे तोवर ओल्या हाताने भिजवून धुऊन टाकावा. चोळायचे नाही. पीठ तेलकटपणा शोषून घेते आणि सैल झालेल्या पेशी पाण्याबरोबर आपोआप निघतात. आठवड्यातून एकदा. ज्यांची कातडी कोरडी आहे त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा, आणि दुधाऐवजी साय घ्यावी.

पीठ थोडेच करावे. पावसाळ्यात ते महिन्याभरात जाळी धरते. कोरड्या बरणीत ठेवावे, ओला चमचा घालू नये. कालवलेला लेप उद्यासाठी ठेवू नये.

बेसनही चालते, पण ते कातडी जास्त कोरडी करते. मुगाचे पीठ त्यामानाने बरे.

इथे दिवाळीच्या उटण्याविषयी एक शब्द. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आपण कोणी सोडणार नाही. पण बाजारचे उटणे अंगाला लावायचे असते. त्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल असे जाडसर, सुगंधी जिन्नस असतात. ते आधी तेल माखलेल्या अंगाला लावतात म्हणून सोसते. कोरड्या चेहऱ्यावर तेच रगडले तर ओरखडे पडतात. चेहऱ्यासाठी वेगळे, वस्त्रगाळ आणि बिनसुगंधाचे करावे. आपल्या नेरूळ गावातल्या आगरी भगिनींच्या घरची हळद आपण पाहिली आहे. धवलारीण धवले म्हणते आणि सुवासिनी नवरीला हळद लावतात, त्या कशा लावतात? हाताच्या पंजाने, गोंजारल्यासारखी. कोणी नवरीला घासत नाही. लावण्याची रीत त्यांच्याकडून शिकावी.

तिसरा उपाय, ओट्स. हे आपले धान्य नव्हे, पण आता वाण्याकडे मिळते. साधे घ्यावे, मसाल्याचे नव्हे! मिक्सरमधून पिठी करावी. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळावी. पाणी दुधासारखे पांढरे झाले तर पिठी बरोबर झाली, तळाशी बसली तर आणखी बारीक करावी. ही पिठी पाण्यात कालवून पाच-सात मिनिटे लावावी आणि धुवावी. खाज, लाली, कोरडेपणा असलेल्या कातडीला ओट्स शांत करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली ओट्सच्या अशा बारीक पिठीला कातडीचे रक्षण करणारी वस्तू म्हणून मान्यता दिली आहे. माझी कातडी बरी झाल्यावर मला पहिल्यांदा हेच दिले गेले.

चौथा उपाय, दही. पण इथे मी प्रामाणिकपणे सांगते, दही म्हणजेही आम्लच. त्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचाच आहे. बाटलीच्या मानाने फार सौम्य, एवढाच फरक. म्हणून ताजे, गोडसर दही घ्यावे, चार दिवसांचे आंबट ढाण नव्हे. पाच मिनिटे लावून धुवावे. मुरूम फुटलेले असतील, कातडी सोललेली असेल तर लावूच नये. पिकलेल्या पपईचेही असेच. तिच्यातला पाचक गुण मेलेल्या पेशी सैल करतो. पण कच्च्या पपईचा चीक मात्र चेहऱ्याजवळ नेऊ नये, तो जाळतो.

पाचवा उपाय, ज्यांना बाजारचीच वस्तू हवी त्यांच्यासाठी. हल्ली पीएचए नावाची सौम्य आम्ले निघाली आहेत. ग्लुकोनोलॅक्टोन हे त्यांतले एक. त्यांचे कण मोठे असल्यामुळे ती कातडीत हळूहळू शिरतात आणि कमी झोंबतात. आपल्या मुलींनी घ्यायचेच ठरवले तर हे शब्द त्यांना सांगावेत. तरी आठवड्यातून एकदाच, रात्री, आणि एका वेळी एकच वस्तू. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे थर लावू नयेत.

कोणतीही वस्तू असो, घरची किंवा दारची, आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून पाहावी आणि एक-दोन दिवस थांबावे. डाळ, दूध, ओट्स हेही एखादीला सोसत नाहीत. घरचे आहे म्हणून निर्धोकच असते, हा समज सोडून दिला पाहिजे.

यावरूनच, काय करू नये ते सांगते. कारण आपल्या स्वयंपाकघरातही जाळणाऱ्या वस्तू कमी नाहीत.

लिंबू चेहऱ्यावर चोळू नये. लिंबाचा रस माझ्या बाटलीइतकाच, किंबहुना तिच्याहून जास्त आंबट असतो. शिवाय तो लावून उन्हात गेले तर ऊन आणि रस मिळून कातडी भाजतात आणि तपकिरी चट्टे उठतात. खायचा सोडा लावू नये. कातडीचा स्वभाव किंचित आंबट असतो, सोडा तो उलटा करून टाकतो. साखर, मीठ, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा यांचे कण धारदार, ते ओरखडतात. मुरुमावर टूथपेस्ट लावू नये. घामोळ्यावर काही घासू नये. मुरूम असलेल्या मुलींना "घास म्हणजे जातील" असे सांगू नये. घासल्याने ते चिडतात आणि डाग ठेवून जातात.

आणि "आठ दिवसांत गोरे" करणाऱ्या बिननावाच्या डब्या तर मुळीच घेऊ नयेत. काहींत स्टेरॉइड असते. त्याने आधी चेहरा उजळतो, मग पातळ, लाल होतो, लव वाढते आणि डबी बंद केली की चेहरा पेटतो. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशी पुष्कळ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काहींत पारा असतो. अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. त्या वापरत असलेल्या गोरे करण्याच्या क्रीममध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत पारा सापडला. चेहऱ्याला लावले आणि मूत्रपिंडाला बाधले! कातडी म्हणजे भिंत खरी, पण ती काही लोखंडाची नव्हे.

आता ऊन. सगळे उपाय एकीकडे आणि ऊन एकीकडे. सकाळी रॉक गार्डनला किंवा पामबीच रस्त्याच्या कडेने चालायला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी शक्यतो ऊन चढण्याआधी परतावे. बाजारात जाताना छत्री घ्यावी. छत्री फक्त पावसाळ्याची नव्हे. खारे वारे आणि पाण्यावरून येणारी तिरीप चेहरा लवकर रापवतात. कोळणी, आगरणी शेतात आणि मासे सुकवताना डोक्यावरून पदर किंवा फडके ओढून घेतात, ते उगाच नाही. ज्यांना परवडेल त्यांनी उन्हाचे मलम लावावे, आणि ते मटाराएवढे नव्हे, दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढे. चेहरा धुतल्यावर ओलसर असतानाच साधे मलम किंवा थोडे ग्लिसरीन लावावे. ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळून घ्यावे. खोबरेल तेल कोरड्या कातडीला चांगले, पण मुरुमांच्या चेहऱ्याला नको.

यातल्या कशानेही रंग बदलणार नाही. हे स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या कोणी मला म्हणेल, "बाई, तुमचे मसुराचे पीठ लावले, गोरी झाले नाही." होणार नाहीच. कातडी मऊ होईल, तजेला येईल, पावडर नीट बसेल, इतकेच. जन्मतः जो रंग आहे तो आपला. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द कंपनीने २०२० साली काढून 'ग्लो' केला. डबीवरून शब्द गेला. आपल्या तोंडातून अजून गेलेला नाही.

आणि आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी खरे म्हणजे उभी राहिले ती सांगते.

माझा चेहरा भाजल्यावर ती बाटली मी फेकून दिली नव्हती. पैसे घातले होते ना! कपाटात साड्यांमागे ठेवली. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी साडी काढताना पाहिले, तर बाटली जागेवर नव्हती. ती माझ्या मुलीच्या दप्तरात सापडली. मुलगी तेव्हा दहावीत, पंधरा वर्षांची. चेहरा तसा गुलाबाच्या पाकळीसारखा, चार मुरूम सोडले तर. मी विचारले, "हे कशाला घेतलेस? माझे काय झाले ते पाहिलेस ना?" ती खाली बघून म्हणाली, "आई, तू जास्त वेळ ठेवलंस. मी दहाच मिनिटं ठेवणार होते. शाळेत मला सगळ्या काळी म्हणतात."

मैत्रिणींनो, माझा गाल भाजला तेव्हा जेवढे दुखले नव्हते तेवढे त्या वाक्याने दुखले. पोर इंग्रजी वाचू शकत होती. तिने सगळ्या सूचना वाचल्या होत्या. तरी ती लावणार होती. म्हणजे शिक्षण नव्हते म्हणून मी भाजले, ही माझी समजूत अर्धीच खरी होती. मी भाजले ते "काळवंडलात हो" या दोन शब्दांनी. आणि तेच शब्द मी घरात स्वतःविषयी रोज बोलत होते, आरशासमोर उभी राहून, तिच्या देखत. तिने ते माझ्याकडूनच उचलले.

त्या रात्री आम्ही दोघींनी ती बाटली मोरीत ओतली, वरून भरपूर पाणी सोडले. मुलीला मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेले. चार मुरुमांना साधे औषध मिळाले आणि ते बरे झाले. रविवारी आम्ही दोघी मिळून ओट्सची पिठी लावतो, पाच मिनिटे तोंड न हलवता बसायचे म्हणजे हसू आवरत नाही. माझे यजमान म्हणतात, "दोघी भुतं दिसता." दिसू दे! पण त्या पाच मिनिटांत ती मला शाळेतले सगळे सांगते, जे एरवी सांगत नाही.

म्हणून आज मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. अध्यक्षाबाईंनी मान्य केल्या तर मी आभारी होईन.

पहिली अशी, की दिवाळीआधी एका दुपारी आपण सगळ्यांनी मिळून चेहऱ्याचे वस्त्रगाळ पीठ तयार करावे आणि पुड्या बांधून घरोघर द्याव्यात. मसूर मी घेऊन येईन. वाशीच्या दाणाबाजारात चांगली मिळते. गाळायला मलमलीचे फडके प्रत्येकीने आपापले आणावे. मोठ्या मुलींनाही बोलवावे. त्याच दुपारी एखाद्या त्वचेच्या डॉक्टरांना अर्धा तास बोलवता आले तर फार उत्तम, म्हणजे माझ्यासारखीच्या ऐकीव ज्ञानावर भिस्त ठेवायला नको. आणि बाटलीवरचे इंग्रजी वाचता येत नसेल तर घेण्याआधी मंडळात आणून दाखवावे. आपल्याकडे शिकलेल्या सुना आहेत, मुली आहेत. विचारायला लाजू नये. माझी लाज मला अकरा महिन्यांना पडली.

दुसरी सूचना बिनपैशाची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला कोणी बाई किंवा मुलगी पुष्कळ दिवसांनी भेटली, तर आपल्या तोंडातून पहिले वाक्य काय निघते? "किती काळवंडलीस ग!", "किती वाळलीस!", "तोंडावर हे काय झाले?" आपण प्रेमानेच बोलतो, हे मला ठाऊक आहे. मीही बोललेली आहे, पुष्कळजणींना. आज हात जोडून त्या सगळ्यांची क्षमा मागते. यापुढे आपण असे करू या. मुलगी भेटली तर विचारावे, "कशी आहेस? काय शिकतेस?" चेहऱ्याबद्दल तिने आपणहून विचारले तरच बोलावे, आणि तेव्हाही हळुवारच बोलावे.

गेल्या संक्रांतीला मी पुन्हा मंडळात आले तेव्हा मला धाकधूक होती. दारातच एका वयस्कर बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमच्या उखाण्याशिवाय मजा नव्हती." डागाकडे त्यांचे लक्ष गेले नसेल असे नाही. पण त्या बोलल्या नाहीत. त्या बाई आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्यांनी त्या दिवशी मला जे दिले ते कुठल्या बाटलीत मिळत नाही.

मी पुष्कळ बोलले. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे. मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढल्या वर्धापनदिनाला आपण सगळ्या याच चेहऱ्यांनी पुन्हा भेटू.